रिकाम्या चावडींतील ठराव कोणाचा?

गांवांत एखादें काम बिघडलें म्हणजे "आम्हांस कोणी विचारलें होतें?" असा प्रश्न पुष्कळांच्या तोंडून निघतो. पाण्याची टाकी भलत्या ठिकाणीं बांधली गेली, गरजू विधवेस सोडून सधन मनुष्यास घरकुल मिळालें, वस्तीचा रस्ता अर्ध्यावरच थांबला, कीं हें वाक्य ऐकूं येतें. पुष्कळ वेळां तें खरेंही असतें. पण आमचे वाचक विचारशील आहेत, म्हणून त्यांच्यापुढें आम्ही आज दुसरा प्रश्न मांडतों. विचारण्यासाठीं बोलाविलें असतां आपण गेलों होतों काय? आणि गेलों नसूं, तर त्या दिवशीं झालेल्या ठरावाचा दोष कोणाच्या माथीं?

प्रथम कायदा काय सांगतो तें पाहूं. १९४८ पर्यंत आपल्या जिल्ह्यांत निजामाचें राज्य होतें. गांवचे वतनदार ठरवीत आणि बाकीचा गांव ऐकत असे. पुढें महाराष्ट्रांत १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम लागू झाला, आणि २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अमलांत येऊन ग्रामसभेस राज्यघटनेंतच स्थान मिळालें. गांवच्या मतदारयादींत ज्याचें किंवा जिचें नांव आहे, ती प्रत्येक व्यक्ति या सभेची सभासद. त्यासाठीं निवडून यावें लागत नाहीं, जमीन असावी लागत नाहीं, आपण कोणत्या आळींत राहतों हें कोणी विचारूं शकत नाहीं. वर्षांतून निदान चार सभा भरल्या पाहिजेत. त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं किंवा त्या सुमारास भरतात. त्यांच्या आधीं स्त्रियांची निराळी सभा घ्यावयाची असते. गांवच्या योजना, त्यांवरील खर्च, लाभार्थ्यांची निवड, हीं सर्व कामें या सभेपुढें यावयाचीं. हा अधिकार लहान नव्हे.

परंतु या सभेची कोरमची अट पाहा. मतदारांपैकीं शेंकडा १५ किंवा १०० माणसें, यांत जी संख्या कमी असेल तितकीं हजर लागतात. तितकीं न जमलीं तर सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हां भरली म्हणजे तिला कोरमची अट राहत नाहीं. दोन हजार मतदारांच्या गांवांत सात माणसांनीं केलेला ठराव मग साऱ्या गांवाचा ठराव म्हणून वहींत चढतो. कित्येक ठिकाणीं तर सभा तहकूब करण्याचाही त्रास घेत नाहींत. हजेरीची वहीच घरोघर फिरते, आणि आपण भिडेखातर तींत सही किंवा अंगठा करतों. सही म्हणजे साक्ष. जेथें आपण नव्हतों तेथें होतों असें लिहून देणें ही खोटी साक्ष होय. ती कोर्टांत दिली काय आणि ओट्यावर दिली काय, भेद नाहीं.

आतां याच्या उलट एक नियम पाहा. गांवांतील दारूचें दुकान उठवावयाचें असल्यास २००८ च्या शासकीय आदेशाप्रमाणें स्त्रियांस गुप्त मतदान मागतां येतें. एक बाटली उभी, एक आडवी, अशीं दोन चिन्हें असतात. नोंदलेल्या सर्व मतदार स्त्रियांपैकीं निम्म्यांहून अधिक जणींनीं आडव्या बाटलीस मत दिलें, तरच दुकान बंद होतें. केवळ आलेल्यांपैकीं निम्म्या असून भागत नाहीं. म्हणजे जी बाई त्या दिवशीं घरीं राहिली, तिनें उभ्या बाटलीसच मत दिल्यासारखें झालें. नियम कठोर आहे. परंतु गैरहजेरी ही रिकामी जागा नव्हे, तिचें वजन कोठेंतरी पडतेंच, हें सत्य तो उघड करून दाखवितो. ग्रामसभेंतही तें वजन पडतें. तेथें तें दिसत नाहीं, इतकेंच.

यावर कोणी म्हणेल, "ज्याचें पोट रोजावर आहे त्यानें दिवस बुडवून सभेस कसें जावें? आणि गेला तरी कोपऱ्यांत बसणाऱ्याचें ऐकतो कोण?" हें म्हणणें आम्ही लटकें मानीत नाहीं. मराठवाड्यांतील ऊसतोड कुटुंबें दिवाळीच्या सुमारास गांव सोडतात तीं पाडव्याच्या आगेमागें परततात. २६ जानेवारीच्या सभेंत त्यांच्या घरास कुलूप असतें. अशा सभेंत त्यांच्या वस्तीचा निर्णय लावून "तुम्ही आलां नाहीं" असें म्हणणें हें क्रूरपणाचें आहे. ज्याच्या हातीं सभेची वेळ ठरविणें आहे त्याच्यावर दोषाचा मोठा वांटा आहे. बोलावणें असें असावें कीं ज्यास यावयाचें आहे त्यास येतां यावें, आणि ऐकणें असें असावें कीं बोलणाऱ्यानें पुन्हां यावें. ठराव आधींच लिहून ठेवून मग मत विचारणें यास विचारणें म्हणतां येत नाहीं.

दोन्ही बाजूंनीं आपलें काम केलें म्हणजे काय होतें याचें उदाहरण गोदावरीपलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार गांवीं आहे. तेथें पोपटराव पवार १९८९ सालीं सरपंच झाले. पावसाळा सरल्यावर गांवांत पाणी किती आहे याचा हिशेब ग्रामसभेपुढें मांडावयाचा, आणि त्या वर्षीं कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें, असा तेथें परिपाठ पडला. शेतीसाठीं विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहींत, ऊस व केळी लावावयाच्या नाहींत, असे निर्बंध गांवानें स्वतःवर घातले. असा निर्बंध वरून हुकुमानें आला असता तर लोकांनीं रात्रीं विहिरी खणल्या असत्या. ज्यानें आपल्या तोंडानें हो म्हटलें, त्यालाच तें पाळण्याची लाज वाटते.

आपल्या छत्रपति संभाजीनगर शहरांत महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत एप्रिल २०२० मध्यें संपली, आणि पुढें पांच वर्षांहून अधिक काळ प्रशासकानेंच कारभार पाहिला. शहरवासीयांचें दार बाहेरून बंद झालें होतें. त्यांनीं तक्रार केली ती योग्यच. पण खेड्यांत दार उघडें असून आंत कोणी जात नाहीं, त्याची तक्रार कोणाकडे करावी?

म्हणून आमचें सांगणें थोडें आहे. सभेची नोटीस लागली म्हणजे ज्यास वाचतां येतें त्यानें ती वस्तींत मोठ्यानें वाचून दाखवावी. मंडळींतील शिक्षकांस व उपदेशकांस हें काम सहज साधेल. घरांतून एक जण तरी जावा, आणि तो नेहमीं पुरुषच असावा असें नाहीं. मागील ठरावाचें काय झालें हें नम्रपणें विचारावें, व उत्तर वहींत लिहावयास लावावें. आणि न गेलेल्या सभेच्या वहीवर सही मागावयास कोणी आला, तर त्यास पाणी द्यावें, बसवावें, पण सही देऊं नये.