काळ्या डोळ्यांची सुझन

मेरीलँडला लेकीकडे राहायला गेलो होतो, तेव्हाची गोष्ट. पुण्यातल्या एका मित्राला फोनवर सहज म्हणालो, "सध्या सगळा वेळ सुझनपायी जातो. तिला रोज निदान सहा तास ऊन लागतं." पलीकडे बराच वेळ शांतता. मग दबक्या आवाजात प्रश्न आला, "वहिनींना माहीत आहे?"

सुझन हे फूल आहे हो! 'ब्लॅक-आइड सुझन', म्हणजे काळ्या डोळ्यांची सुझन. पिवळ्याधमक पाकळ्या आणि मधोमध काळपट तपकिरी बोंड. १९१८ पासून हे मेरीलँडचं राज्यपुष्प. शास्त्रीय नाव रुडबेकिया हिर्टा. हिर्टा म्हणजे केसाळ. पानावरून हात फिरवला की चार दिवस दाढी न केलेल्या गालाची आठवण होते. जमीन फार कसदार नको, पाणी बेताचं, ऊन मात्र भरपूर. थोडक्यात, मध्यमवर्गीय वळणाचं झाड.

एप्रिलमध्ये माझ्या सात वर्षांच्या नातीने आणि मी अंगणातल्या उन्हाच्या पट्ट्यात बी पेरलं. एक रोप धरलं. पानांचा गोल झुबका जमिनीला चिकटून बसला, आणि बसूनच राहिला. नात शाळेतून आली की विचारायची, "आबा, आज?" मी म्हणायचो, "उद्या." पुढे एका पुस्तकात वाचलं, की ही बाई बऱ्याचदा पहिल्या वर्षी नुसती पानं काढते आणि फुलते दुसऱ्या वर्षी. तरीही मी "उद्या"च म्हणत राहिलो. माझं परतीचं तिकीट ऑगस्टचं होतं.

जवळच्या नर्सरीत फुललेली सुझन कुंडीतून विकायला होती. रात्री गुपचूप आणून लावली तर? मुलीला आनंद, मला मान, कुणाचं नुकसान नाही. अशा वेळी आपलं मन फार हुशार वकील होतं. त्याने पहिला दाखला त्याच राज्यातला काढला. मेरीलँडमध्ये मे महिन्यात प्रीकनेस नावाची घोड्यांची मोठी शर्यत असते. १९४० साली ठरलं, की जिंकणाऱ्या घोड्याच्या पाठीवर सुझनच्या फुलांची झूल घालायची. पण सुझन फुलते जूनमध्ये! मग दुसरीच पिवळी फुलं आणून त्यांचे डोळे काळ्या रंगाने रंगवले. पुढे कित्येक वर्षं हेच चाललं. घोड्याने तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

दुसरा दाखला घरचा. दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून वाटतो. आपटा पुरला नाही की बाजारात कांचनाची पानं आपटा म्हणून येतात. म्हणजे मानलेल्या सोन्याचीही नक्कल! तरी आपण ती घेतो, गळाभेट घेतो. सोनाराकडे नेऊन कुणी कसाला लावत नाही.

खटला जिंकला. त्याच रात्री खुरपं घेऊन मी कामाला लागलो. एकच अडचण निघाली. जागा तेवढीच होती. नवी सुझन लावायची तर जुनं रोप उपटायला हवं. उपटलं आणि कुंपणापाशी टाकलं.

सकाळी नात नाचली, टाळ्या पिटल्या. मी कृतार्थ. संध्याकाळी बघतो तर ती कुंपणापाशी झारी घेऊन बसलेली. समोर तो मलूल झुबका, वेडावाकडा पुरलेला.

"आबा, हे आपलं झाड. कुणीतरी फेकलं होतं."

"आपलंच कशावरून?"

"हे बघ ना, गोगलगायीने खाल्लेलं भोक. मी रोज बघायचे."

मी रोज फूल आलं का ते बघत होतो. ती झाड बघत होती.

वकिलाचे दोन्ही दाखले तिथेच कोसळले. आपट्याचं पान देणारा आणि घेणारा, दोघांनाही ते पान आहे हे ठाऊक असतं. म्हणून ते खोटं नसतं, तो सण असतो. एकालाच ठाऊक असलं की ती फसवणूक. कांचनवाला बसतो तो याच दुसऱ्या रांगेत, आणि त्याच्या शेजारी मी. शिवाय निरुपद्रवी म्हणून आणलेल्या माझ्या खोट्याला बसायला जागा लागली, आणि ती त्याने खऱ्याला उठवून घेतली.

"मीच फेकलं," मी सांगून टाकलं. सगळंच सांगितलं. दुसरं वर्षसुद्धा.

तिने बराच विचार केला. रागावली नाही. एवढंच विचारलं, "मग तू रोज 'उद्या' का म्हणायचास?"

याला माझ्या वकिलाकडे उत्तर नव्हतं.

पुढच्या जूनमध्ये पुण्यात लेकीचा फोटो आला. कुंपणापाशी एकच फूल, जरा तिरकं. शेजारी नातीचं बोट. मी तत्काळ मित्राला फोन लावला.

"अरे, सुझन आली!"

"वहिनींना सांगितलंस?"

"सगळ्यांना सांगितलं," मी म्हणालो.