सायटेशनचा आकडा आणि शंभर रुपयांचं इंजेक्शन

वैद्यकीय संशोधकाच्या नावावर किती सायटेशन आहेत, त्याचा एच-इंडेक्स किती, हे हल्ली नेमणुकीच्या अर्जात पदव्यांच्या खालोखाल विचारलं जातं. भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी २००५ साली सुचवलेला हा निर्देशांक समजायला सोपा आहे. ज्याच्या चाळीस निबंधांचा प्रत्येकी किमान चाळीस वेळा इतरांनी संदर्भ दिला, त्याचा एच-इंडेक्स चाळीस. संदर्भ पटला म्हणून दिला की खोडून काढायला, हे मात्र त्या आकड्याला कळत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलचे शल्यचिकित्सक डॉ. राजेंद्र बडवे यांची कारकीर्द पाहिली की ही उणीव ठळक दिसते.

१९९१ साली बडवे आणि लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमधल्या सहकाऱ्यांचा एक निबंध ‘लॅन्सेट’मध्ये आला. स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेल्या, पाळी चालू असलेल्या २४९ स्त्रियांच्या जुन्या नोंदी त्यांनी तपासल्या होत्या. पाळीच्या तिसऱ्या ते बाराव्या दिवसादरम्यान शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दहा वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या. इतर दिवशी झालेल्यांपैकी ८४ टक्के. केवळ तारखेमुळे एवढी तफावत? अनेक देशांतल्या रुग्णालयांनी आपापल्या जुन्या फायली उघडल्या. कुणाला तसंच दिसलं, कुणाला काहीच दिसलं नाही, कुणाला नेमकं उलटं. बडव्यांचा उल्लेख मात्र प्रत्येकाला करावाच लागला. वाद लांबला तसे संदर्भ वाढत गेले.

एखादा त्या प्रसिद्धीवर आयुष्यभर व्याख्यानं देत फिरला असता. बडव्यांनी मुंबईत आपलाच निष्कर्ष कसोटीला लावला. पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात शरीरात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक असतं, तेव्हा ते शस्त्रक्रियेपूर्वीच टोचलं तर? हजार रुग्णांत चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करून चाचणी झाली. निष्कर्ष छापून यायला २०११ साल उजाडलं. सर्व रुग्णांचा मिळून विचार करता फरक पडला नव्हता. काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचलेल्यांमध्ये तेवढा फायद्याचा इशारा होता. लंडनच्या आकड्यांपुढे हे उत्तर फिकं आहे, पण विश्वासार्हतेत त्याचं पारडं जड आहे.

पुढची चाचणी अधिक धाडसी. कर्करोग इतर अवयवांत पसरल्यावर स्तनातली मूळ गाठ काढली तर स्त्री अधिक जगते, असं अनेक जुन्या नोंदी सांगत होत्या. त्यातली मेख अशी, की शस्त्रक्रियेसाठी निवडल्या गेलेल्या स्त्रिया मुळातच जरा धडधाकट असत. टाटामध्ये केमोथेरपीला प्रतिसाद दिलेल्या ३५० रुग्णांची यादृच्छिक विभागणी झाली. २०१५ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त निकाल आला: मूळ गाठीवर उपचार केलेल्या गटात मध्यक आयुर्मान १९.२ महिने, न केलेल्या गटात २०.५. पुढे अमेरिकेतल्या ई-२१०८ या चाचणीतही आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही. या निकालांमुळे ज्या बाईचा स्तन काढला गेला नाही, उरलेल्या दिवसांतले काही आठवडे जखम भरण्यात गेले नाहीत, तिची नोंद कुठल्याच सायटेशन-यादीत होत नाही. संशोधनाचा खरा प्रभाव तिथेच मोजायला हवा.

२०२३ साली प्रसिद्ध झालेली चाचणी तर बाजाराच्याच हिशेबात न बसणारी. दातांचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते लिडोकेन, शस्त्रक्रियेपूर्वी गाठीच्या सर्व बाजूंनी टोचायचं, सात ते दहा मिनिटं थांबायचं आणि मग सुरी चालवायची. शस्त्रक्रियेच्या हाताळणीने कर्करोगाच्या पेशींना मिळणारी चालना त्यामुळे रोखता येईल, ही कल्पना. भारतातल्या ११ केंद्रांवर १,६०० स्त्रिया सहभागी झाल्या. पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. खर्च शंभर रुपयांच्या आसपास.

आक्षेप आले, आणि ते बिनबुडाचे नाहीत. तुलनेच्या गटाला नुसत्या सलाइनचंही इंजेक्शन दिलं नव्हतं, कुणाला औषध मिळालं हे शल्यचिकित्सकाला ठाऊक होतं, आणि एवढ्याशा औषधाचा एवढा परिणाम कसा, हा प्रश्न उरतोच. यावर उपाय एकच: दुसऱ्या देशात, दुसऱ्या हातांनी हीच चाचणी पुन्हा करणं. पण लिडोकेनचं पेटंट केव्हाच संपलंय. नव्या औषधाच्या चाचणीमागे कंपनी उभी राहते; या इंजेक्शनमागे सरकारी निधी किंवा एखादा विश्वस्त निधीच उभा राहू शकतो, आणि त्यांच्या दारातल्या अर्जातही बहुधा एच-इंडेक्सचा रकाना असतोच.