स्मृतीच गेली, तर नाम कोण घेणार?

आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 62 आणि 63 या श्लोकांवर. ती साखळी आपल्याला माहीत आहे: विषयांचं चिंतन, मग आसक्ती, काम, क्रोध, संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी पतन. वाचताना एक प्रश्न मात्र अडतो. ज्याची स्मृती आसक्तीने नाही, तर मेंदूच्या ऑपरेशनने गेली, त्याचं काय? त्याच्या रागाचा हिशोब कसा मांडायचा?

प्रश्न पुस्तकी नाही. पेण, वडखळ, धरमतर या पट्ट्यातून कुणाला मेंदूतल्या गाठीसाठी, कुणाला हायवेवरच्या अपघातानंतर मुंबईला नेतात. ऑपरेशन होतं, टाके निघतात, रिपोर्ट चांगला येतो, पेढे वाटले जातात. आणि दोन महिन्यांनी घरात कुजबुज सुरू होते, "दादा पहिल्यासारखा राहिला नाही गं." तो चिडतो, नाहीतर तासन्‌तास गप्प बसतो. आरतीच्या झांजा सहन होत नाहीत. मग कुणीतरी म्हणतंच, "देवाने एवढं वाचवलं, आणि याला त्याचं काही आहे का?"

मित्रांनो, इथे जरा थांबू या. रागाला आवर घालणं आणि एखाद्या कामाला सुरुवात करणं, या दोन्हींत मेंदूच्या पुढच्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथे इजा झाली की माणूस आळशी किंवा उद्धट वाटू लागतो. फिट येऊ नये म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनी चिडचिड वाढू शकते. सूज उतरवणाऱ्या स्टिरॉइडने झोप बिघडू शकते. गीतेची साखळी मनाच्या चिंतनापासून सुरू होते. या माणसाची पहिली कडी तिथे नाहीच. साखळी स्वतःला तपासायला दिली आहे, आजाऱ्यावर निकाल द्यायला नाही.

पण म्हणून वहिनीला लागलेले शब्द खोटे ठरत नाहीत. कारण समजलं तरी दुखतंच. तिने "आज मला जमत नाही" म्हणणं हा काही अधर्म नाही. दोष कुणाचाच नसतो, तेव्हाही ओझं असतंच. ते वाटून घ्यायचं असतं.

आता दुसरी भीती. आठवा अध्याय सांगतो, अंतकाळी जे स्मरण, तशी गती. मग ज्याला काही आठवतच नाही, त्याने काय करायचं? अमेरिकेत 1953 साली हेन्री मोलेसन या तरुणावर अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर नव्या गोष्टी त्याच्या लक्षात राहीनात. पण आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली, तेव्हा दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला. आपण हे आधी केलंय, हे मात्र त्याला आठवत नसे. म्हणजे स्मृती एकाच खोलीत राहत नाही. माळेवर फिरणाऱ्या बोटांनाही त्यांची स्वतःची ओळख असते.

आणि तीही गेली तर? वराहपुराणात भगवान पृथ्वीला आश्वासन देतात, ते याच माणसासाठी आहे असं मला वाटतं. मन धड असताना ज्याने स्मरण केलं, तो पुढे लाकडासारखा पडून राहिला तरी त्याची आठवण देव ठेवतो. श्रीवैष्णव परंपरा याला वराह चरमश्लोक म्हणते. स्मरणाची जबाबदारी इथे उलटी फिरते.

धरमतरच्या खाडीकाठी हे समजायला सोपं आहे. उधाणाला बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की भात होत नाही. शेतकरी शेताला नावं ठेवत नाही. आधी बांध घालतो, मग मीठ धुऊन जायला पावसाळ्यांची वाट बघतो. काही वेळा सगळं मीठ जात नाही, पण सातबारावरचं नाव तेच राहतं.

आजचा संकल्प: घरात असं कुणी असेल तर "पहिल्यासारखा हो" म्हणू नका. त्याच्याजवळ बसा, हळू आवाजात नाम घ्या. बदल डॉक्टरांना स्पष्ट सांगा, गोळ्या मनाने बंद करू नका. त्याला किंवा तुम्हाला जगणं नको वाटत असेल, तर 14416 या टेलिमानसच्या मोफत नंबरवर आजच बोला. मदत मागणं हीसुद्धा शरणागतीच आहे.

राम कृष्ण हरी!