अपघात, कसूर आणि कबुली

मोठ्या कारखान्याच्या देवडीतून आत शिरणाऱ्या माणसाच्या दृष्टीस बहुधा प्रथम पडतो तो एक रंगविलेला फलक, ज्यावर शेवटच्या अपघातानंतर किती दिवस निर्विघ्न गेले याचा आकडा लिहिलेला असतो. आणि दर वर्षी 4 मार्चला, म्हणजे 1966 साली राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली त्या दिवशी, त्याच फलकाच्या साक्षीने व्यवस्थापक, अभियंते, मुकादम आणि कामगार उजवा हात पुढे करून सुरक्षिततेची शपथ घेतात. या समारंभाची चेष्टा करावी असा माझा हेतू नाही. परंतु ज्या फलकावरील आकडा चढत गेला की साऱ्या पाळीला बक्षीस मिळते आणि तो शून्यावर आला की साऱ्या पाळीचे बक्षीस बुडते, त्या फलकाच्या छायेत काम करणाऱ्या एखाद्या फिटरचे बोट यंत्रात चेंबले तर तो काय करील, याचा विचार हे बक्षीस ठेवणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. तो बोटाला फडके गुंडाळील, सोबती त्याला दोन दिवस हलके काम देतील, दवाखान्याच्या वहीत नोंद होणार नाही, आणि यंत्रावरचे आवरण सैल झाले आहे ही बातमी त्या फडक्यातच बांधली जाईल.

अपघाताचे खापर कामगाराच्या निष्काळजीपणावर फोडण्याची रीत जुनीच. तिच्यावर शास्त्राची झूल चढली ती हर्बर्ट हाइनरिक या अमेरिकन विमा-अधिकाऱ्याच्या 1931 सालच्या ग्रंथाने. शेकडा 88 अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे, 10 सदोष यंत्रसामग्रीमुळे आणि 2 अटळ कारणांनी घडतात, हा त्याचा हिशेब पुढे अनेक पिढ्यांनी प्रमाण मानला. हा हिशेब विम्याच्या दाव्यांवरून आणि कारखान्यांतील देखरेख करणाऱ्यांनी लिहिलेल्या कागदांवरून केलेला होता, हे मात्र फारसे कोणी ध्यानात घेतले नाही. ज्या इसमाकडे देखरेखीची जबाबदारी, त्यानेच केलेल्या पंचनाम्यात कसूर देखरेखीची निघावी, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही.

माझ्या मते अवजड उद्योगातील सुरक्षिततेची खरी परीक्षा एकाच गोष्टीत आहे : सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाला दिसलेली अप्रिय गोष्ट किती वेळात सर्वांत वरच्या माणसाच्या कानी जाते, आणि ती सांगणाऱ्याचे पुढे काय होते. शिरस्त्राणे, पट्टे, जोडे, जाळ्या यांची तजवीज आवश्यक आहेच. पण ती पैशाने होते. बातमीची वाट पैशाने बांधता येत नाही.

भोपाळचे उदाहरण आपण विषारी वायूची कथा म्हणून सांगतो. वस्तुतः ती अडलेल्या बातम्यांचीही कथा आहे. युनियन कार्बाइडच्या कारखान्यात लहानसहान गळती ही नित्याची बाब झाली होती. राजकुमार केसवानी या स्थानिक पत्रकाराने 1982 पासून आपल्या लेखांतून शहराला धोक्याची सूचना दिली होती. कामगार संघटनेनेही आवाज उठविला होता. ज्या मिथिल आयसोसायनेटला थंड ठेवणे अगत्याचे, त्याची शीतकयंत्रणा कित्येक महिने बंद होती. निसटलेला वायू जाळून टाकणारा मनोरा एका गंजलेल्या नळाच्या दुरुस्तीपायी निकामी पडून होता. आणि वायू निष्प्रभ करणारी धुलाईयंत्रणा केवळ सज्ज अवस्थेत ठेवलेली होती. 2 डिसेंबर 1984 च्या रात्री कामगारांच्या डोळ्यांची आग होऊ लागली तेव्हा त्यांनी ती वरिष्ठांस सांगितली. तिचा निकाल चहानंतर लावावा असे ठरल्याचे पुढे प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत नमूद आहे. त्या चहाबद्दल संताप येणे स्वाभाविक आहे. पण जेथे डोळे चुरचुरणे हा रोजचाच अनुभव, आणि रोजच्या तक्रारीचे फळ रोजचेच मौन, तेथे त्या रात्रीची तक्रार निराळी आहे हे कोणाला आणि कसे उमगावे?

याच्या उलट बाजूचे उदाहरण टेक्सास सिटी येथील बीपी कंपनीच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचे. 23 मार्च 2005 रोजी तेथे एका मनोऱ्यात द्रव प्रमाणाबाहेर भरत गेला; द्रवाची पातळी वर चढत असताना पातळीदर्शक मात्र ती उतरत असल्याचे दाखवीत होता; अखेर स्फोट झाला आणि 15 माणसे ठार झाली. ही सर्व माणसे ठेकेदारांकडची होती आणि जवळच उभ्या केलेल्या फिरत्या कचेऱ्यांत किंवा त्यांच्या आसपास होती. दैवदुर्विलास असा की, कामाचा दिवस बुडविणारी इजा न झाल्याबद्दलची मेजवानी तेथील ठेकेदाराच्या माणसांनी त्याच दुपारी घेतली होती. पुढे नेमलेल्या बेकर समितीने 2007 साली स्पष्ट म्हटले की, वैयक्तिक इजांचे घटते प्रमाण पाहून कंपनीने यंत्रप्रक्रियाही सुरक्षित आहे असा चुकीचा समज करून घेतला. घसरून पडणाऱ्यांची मोजदाद चोख होती. मनोऱ्याची मोजदाद कोणीच ठेवली नव्हती.

उलट, बातमीची वाट मोकळी करता येते याचाही दाखला आहे. 1987 साली अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीची सूत्रे हाती घेताच पॉल ओनील यांनी गुंतवणूकदारांपुढे नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षिततेवर भाषण केले, तेव्हा ऐकणारे बुचकळ्यात पडले. कोणालाही इजा झाली की विभागप्रमुखाने ती 24 तासांत कळवावी आणि पुन्हा ती होऊ नये याची योजनाही द्यावी, अशी त्यांची ताकीद होती. 1996 साली भागधारकांच्या सभेत एका जोगिणीने मेक्सिकोतील शाखेत कामगारांना वायूबाधा झाल्याचा प्रश्न उपस्थित केला. चौकशीअंती ओनील यांनी एका ज्येष्ठ अधिकाऱ्याला कामावरून दूर केले. वायूचा बंदोबस्त त्याने केलाच होता. तो प्रकार मुख्य कचेरीला कळविला नाही, ही त्याची कसूर. मला या शासनात कठोरपणापेक्षा न्याय अधिक दिसतो, कारण शिक्षा चुकीला नव्हती, लपवाछपवीला होती. काम बुडविणाऱ्या इजांचे प्रमाण त्यांच्या कारकीर्दीत 100 कामगारांमागे 1.86 वरून 0.2 च्या आसपास आले.

अर्थात एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर ही व्यवस्था सोडणे शहाणपणाचे नाही, आणि भोपाळनंतर आपल्या कायद्याने ती सोडली नाही. 1948 च्या कारखाना अधिनियमात 1987 च्या दुरुस्तीने 41-जी आणि 41-एच ही कलमे आली. पहिल्याने धोकादायक प्रक्रियेच्या कारखान्यांत कामगार आणि व्यवस्थापन यांच्या समसमान प्रतिनिधींची सुरक्षा समिती बसविली. दुसऱ्याने प्राणांतिक धोका दिसल्यास तो व्यवस्थापनाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळविण्याचा हक्क कामगाराला दिला. कायद्याची भाषा निर्दोष होती. अडचण वेगळी आहे. टाकी साफ करण्यासाठी आत उतरणारा, भट्टीच्या विटा उपसणारा, उंचावर सळ्या बांधणारा माणूस आज बहुधा ठेकेदाराचा असतो. त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते, त्याने 'आतली हवा तपासली का' असे विचारले तर दुसऱ्या दिवशी त्याला देवडीवरूनच परत पाठविता येते, आणि टाकीत गुदमरलेल्याला काढण्यास धावणारा त्याचा सोबतीही अनेकदा तेथेच दगावतो. ज्याच्याजवळ धोक्याची बातमी सर्वांत आधी असते, त्याचाच आवाज सर्वांत स्वस्त ठरविलेला आहे.

म्हणून कारखान्यांचा कारभार पाहणाऱ्या वाचकांस एवढीच विनंती आहे की, फलकावरील आकडा क्षणभर बाजूस ठेवून त्यांनी आपल्या सुरक्षा समितीची गेल्या वर्षीची इतिवृत्ते मागवावीत, आणि कामगार प्रतिनिधींनी मांडलेल्या तक्रारी त्यांत किती, त्यांचा निकाल किती दिवसांत लागला, आणि ठेकेदाराकडच्या माणसाने आणलेली त्यांत एक तरी आहे काय, हे स्वतः वाचून पाहावे.