रूढी कुणाच्या हातांवर टिकते?

पतीच्या निधनानंतर पत्नीच्या बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचे, मंगळसूत्र आणि जोडवी उतरवायची, ही रूढी कुणा एकाच्या हुकमावर टिकलेली नाही. मृतदेह अंगणात असतो, भोवती नात्यातल्या बायका दाटीने बसलेल्या असतात. त्यांच्यातलीच एखादी, पुष्कळदा स्वतः विधवा असलेली, पुढे होऊन त्या बाईचा हात धरते. बसलेल्या कितीजणींना हे बघवत नाही. पण शेजारणीने मान खाली घातली आहे म्हणजे तिला हे मान्य असणार, असे प्रत्येकीला वाटते. मुकाट्याने बसणे हीच संमती ठरते आणि अनेकींना नको असलेली गोष्ट सर्वांच्या साक्षीने पार पडते.

सामाजिक प्रभावाची ताकद या अंदाजात आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी १९५१ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत रेघांच्या लांबीची तुलना करायची होती. उत्तर उघड दिसत होते. तरी आधी ठरवून बसवलेल्या गटाने एकमुखाने चूक उत्तर दिले, की सुमारे एक तृतीयांश वेळा प्रयोगात बसलेला माणूसही तेच चूक उत्तर देई. गटातल्या एकानेच खरे उत्तर दिले, की हे प्रमाण एकदम घसरे. एका माणसाच्या सोबतीने एवढा फरक पडतो.

विधवाविवाहाला कायद्याने १८५६ मध्येच मान्यता दिली, पण त्याने घरोघरचे मत बदलले नाही. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्यायमूर्ती रानडे यांनाही पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर, १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहापुढे अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करावे लागले. याला नुसती दुबळीक म्हणून सोडून देता येत नाही. परक्यांचा विरोध सोसणे सोपे जाते; जन्मदात्याच्या डोळ्यांतले पाणी सोसणे कठीण. प्रभाव सर्वांत जास्त चालतो तो जवळच्या माणसांचा.

म्हणूनच धोंडो केशव कर्वे यांचा १८९३ चा पुनर्विवाह महत्त्वाचा. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी त्यांनी लग्न केले आणि त्यांच्या मुरुड गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यानंतर ते मागे हटले नाहीत की गावाला शिव्या देत बसले नाहीत. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि पुढची कित्येक दशके तेच काम करत राहिले. मानसशास्त्रज्ञ सर्ज मॉस्कोविसी यांच्या १९६९ च्या प्रयोगात हेच दिसले: थोडे लोक आपल्या म्हणण्यावर सातत्याने ठाम राहिले तर ते बहुसंख्यांना काही प्रमाणात हलवतात, तेच थोडे लोक डळमळू लागले तर त्यांचा परिणाम जवळजवळ उरत नाही.

रूढी मोडण्याची दुसरी वाट तिला लागणाऱ्या हातांची. विधवेचे केशवपन, म्हणजे डोक्याचे मुंडन, करायला तेव्हा न्हावी लागे. १८९० मध्ये मुंबईत कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी या कामाला नकार दिला. शास्त्रार्थाच्या कित्येक सभांपेक्षा वस्तरा खाली ठेवणे थेट होते, कारण नकार दिसत होता आणि तो एकट्याचा नव्हता.

राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीच्या वेळी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हा कित्ता गिरवायला सांगितले. ग्रामसभेच्या ठरावाला कायद्यासारखी शिक्षा नसते, पण कायद्याला न जमणारे एक काम तो करतो. शेजारीणही आपल्यासारखाच विचार करते, हे सगळ्यांसमोर कळते आणि लोक काय म्हणतील या प्रश्नाला लोकांनीच उत्तर दिलेले असते.

मात्र ठराव चावडीवर होतो आणि प्रथा अंगणात पाळली जाते. दुःखाच्या त्या घटकेला घरातले कुणी ठरावाचा कागद शोधत नाही; पुढे येणारा हात अडवायला तिथे बसलेल्यांतलीच एखादी लागते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला विधवेला बोलावले जाते का आणि आल्यावर तिच्या कपाळी कुंकू लावायला कोण उठते, हे ज्या त्या घरात ठरते.