तीच सायकल

माझ्या दुकानाच्या दाराशी एक काळा फळा आहे. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या काळात त्यावर भाड्याच्या सायकलींचे दर असायचे, अर्धा तास आणि एक तास. आता दर आठवड्याला काय माल आला ते मी त्यावर खडूने लिहिते. गेल्या वर्षी भाद्रपदात लिहिलं होतं: बारा गिअरची कॅसेट, डिस्कचे रोटर, ट्यूबलेस टायर, बत्तीस भोकांच्या अलॉय रिम. आणि सगळ्यांत खाली, मोठ्या अक्षरांत: चाळीस भोकांची मागची रिम, २८ इंची, दोन नग. वरच्या ओळी वाचून तरुण मुलं आत येतात. शेवटची ओळ मी एका माणसासाठी लिहिली होती.

आम्ही मापाने सायकल बांधतो. माणसाच्या पायाची, हाताची, पाठीची मापं घ्यायची, नळ्या कापायच्या, पितळेने सांधायच्या आणि मग एकेक भाग चढवायचा. हे काम मी वाढवलं, पण दुकान आजोबांचं आणि आप्पांचं, पुण्यातल्या एका पेठेतलं. त्यांच्या वहीत नेहमीच्या गिऱ्हाइकांच्या सायकलींना एकेक पान असे. फळ्यावरची ती ओळ ज्यांच्यासाठी होती ते काका आमचं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या सायकलीचं पान १९५९ पासून सुरू होतं. आधी आजोबांच्या अक्षरात, मग आप्पांच्या, आता माझ्या. काकांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कामाला होते. त्यांनी ती सेन-रॅले घेतली आणि नोकरी संपेपर्यंत तिच्यावरून पाळीला गेले. मग ती काकांकडे आली. काका शाळेत संस्कृत शिकवायला जात, तेही तिच्यावरूनच.

त्या पानावर आजवर काय काय बदललं ते ओळीने आहे. दोन्ही रिम, दोनदा. चेन कितीतरी वेळा. फ्रीव्हील. मागचा हब. पायडल. सीट. बीबीचा, म्हणजे क्रँक फिरते त्या सांध्याचा, एक्सल, वाट्या, छर्रे. चिमटाही एकदा. गेल्या वर्षी फ्रेमला बीबीच्या सांध्यापाशी तडा गेला. त्या जागी आधीच दोन वेळा जोड दिलेला होता. तिसऱ्यांदा दिला असता तर नळी जळली असती. मी काकांना तसं सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अगं पोरी, फ्रेम नवी कर. पण सायकल तीच राहिली पाहिजे."

या वाक्याने मला बरेच दिवस झोपू दिलं नाही.

कारण भाग बदलूनही सायकल तीच राहते का, या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात मी लहानपणीच ऐकलं होतं. आम्ही बौद्ध. आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला, धम्मदीक्षेच्या दिवशी, नागपुरात होते. आप्पा विहारात ऐकलेली मिलिंद राजाची गोष्ट मला दुकानात सांगायचे. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला, सागल नगरीचा, म्हणजे आजच्या सियालकोटचा. तो भिक्खू नागसेनाला भेटायला गेला. नागसेन म्हणाले, माझं नाव नागसेन आहे खरं, पण या नावामागे आत कोणी कायमचा पुरुष सापडत नाही. राजाला ते पटेना. मग नागसेनांनी विचारलं, तू इथे कशाने आलास? रथाने. मग रथ दाखव. दांडा म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ? चाकं? साटा? जू? लगाम? सगळ्यांना राजा नाही म्हणाला. मग या सगळ्यांचा ढीग म्हणजे रथ? नाही. यांच्याखेरीज वेगळा कुठे रथ आहे? नाही. शेवटी राजाच म्हणाला, या सगळ्यांच्या आधाराने रथ हे नाव चालतं. नागसेन म्हणाले, माझंही तसंच.

आप्पा ही गोष्ट गोणपाटावर सायकल खोलून सांगत. हँडल माझ्या हातात देत आणि विचारत, ही सायकल का? पुढे मोठी झाल्यावर मला कळलं की रथाचा हा दाखला नागसेनाच्याही आधी वजिरा नावाच्या भिक्खुणीने दिला होता, मोहात पाडणाऱ्या माराला उत्तर देताना. हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. हा विचार एका बाईने इतक्या ठामपणे मांडला होता.

तेव्हा शास्त्राप्रमाणे माझं उत्तर सोपं होतं: काका, सायकल नावाचं काही वेगळं नव्हतंच, मग ती राहील किंवा जाईल कशी? पण ते मला बोलवेना. बरोबर असूनही ते अपुरं वाटत होतं.

काका स्वतः नैयायिकांच्या बाजूचे. एका संध्याकाळी त्यांनी सायकलच्या सीटला हात घातला आणि ती उचलली. "बघ, मी फक्त सीट धरली. चाकं का आली? घंटी का आली? गौतमाच्या न्यायसूत्रांत हाच युक्तिवाद आहे. एक अवयव धरला की सगळं धरलं जातं, एक ओढला की सगळं ओढलं जातं. म्हणजे अवयवांहून वेगळा, पण अवयवांतच राहणारा एक अवयवी आहे. तो खरा आहे." मी म्हटलं, "काका, गवताची पेंढीही एका टोकाला धरली की सगळी उचलली जाते. पेंढीत कोण राहतं?" ते म्हणाले, "पेंढी सोडली तर गवत उरतं. सायकल सोडली तर काय उरतं ते तू मला सांग."

मी त्यांना माझ्या कामाची जागा दाखवली. त्या दिवशी मी एका मुलीच्या नव्या सायकलचं चाक भरत होते, बत्तीस आऱ्यांचं. टेबलावर रिम होती, हब होता, आरे आणि निपल होते. भाग सगळे हजर होते आणि चाक नव्हतं. एकेक आरा हबमधून ओवायचा, तीन आऱ्यांना ओलांडून रिमला न्यायचा, निपल दोन आटे फिरवायचा. बत्तीस आरे लागले तरी ते खुळखुळतं, त्यावर कोणी बसलं तर मोडेल. मग पाना घेऊन ताण द्यायचा, प्रत्येकाला पाव पाव फेरा. स्टँडवर फिरवून आउट काढायचा. बोटाने आरे छेडून ऐकायचं. एका बाजूच्या आऱ्यांचा सूर एक झाला की चाक झालं. तेव्हा प्रत्येक आरा साधारण शंभर किलोच्या ओढीत असतो. बत्तीस आऱ्यांची मिळून ती ओढ तीन टनांच्या आसपास जाते, आणि चाक स्वतः एका हाताने उचलता येतं. माणूस बसला की सगळ्यांत खालच्या दोन-चार आऱ्यांचा ताण थोडा सैल होतो, आणि तेवढ्यावर त्याचा भार पेलला जातो. १८७४ मध्ये इंग्लंडात जेम्स स्टार्लीने तिरप्या आऱ्यांचं चाक काढलं, तेव्हापासून जगातल्या बहुतेक सायकलींची चाकं अशी चालतात.

"काका," मी म्हटलं, "टेबलावर होतं त्यात मी एक ग्रॅमही घातला नाही. फक्त एकमेकांना ओढायला लावलं. ही ओढ कुठल्या एका आऱ्यात नाही. आऱ्यांवेगळीही नाही. आणि ती कायमचीही नाही, सहा महिन्यांनी पुन्हा बघावी लागते."

ते चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "याला आमचे लोक समवाय म्हणतील, अवयव आणि अवयवी यांचं न तुटणारं नातं." मी म्हटलं, "आमचे प्रतीत्यसमुत्पाद म्हणतील, एकाच्या आधाराने दुसरं." दोघांनी चहा घेतला. पण एक फरक मला तेव्हाही दिसत होता. समवाय नित्य मानलेला आहे. पाना हातात घेऊन मी जे देते ते नित्य नाही.

काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला चेनने दिलं. कामाला सुरुवात करताना मी त्यांची जुनी चेन काढली आणि नवी लावून पाहिली. पायडल मारलं की ती फ्रीव्हीलवर उडायची. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच. वापराने पिना आणि बुश झिजतात, चेन जराशी लांबते, आणि त्या लांबलेल्या चेनच्या मापाने फ्रीव्हीलचे दातही झिजतात. दोघं एकमेकांना झिजवत एकमेकांत बसतात. म्हणून जुन्या दातांवर नवी चेन बसत नाही. मी जुनी चेन परत चढवली, तेल दिलं, आणि ती मुकाट्याने धावली.

मग मी वहीचं पान पुन्हा वाचलं. १९७१ ची रिम जुन्याच हबवर भरली होती. पुढे हब बदलला तेव्हा ती रिम होती. नवा चिमटा जुन्या हँडलच्या मापाने घेतला होता. आजवर सगळं एकदम कधीच बदललं नव्हतं. प्रत्येक नवा भाग आला तो आधीच्या भागांच्या मापाने, त्यांच्या झिजेसकट. सायकलच्या पोटात लपलेलं काही तिला तीच ठेवत नव्हतं. एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेलं माप तिला तीच ठेवत होतं. नागसेनांनी राजाला दुधाचा दाखला दिला आहे: दुधाचं दही, दह्याचं लोणी, लोण्याचं तूप. तूप म्हणजे दूध नाही, पण दुसऱ्या कशाचं आलेलंही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याचं त्यांनी तसंच सांगितलं. लहानपणी मी यातलं "काही कायम नाही" एवढंच ऐकलं होतं. "तुटलंही नाही" हे त्याच वाक्यात होतं, ते मला पन्नाशीत ऐकू आलं.

मला हा प्रश्न इतका का लागला, तेही सांगते. आजोबा सातारा जिल्ह्यातल्या एका गावचे. गावाने त्यांना जन्मतःच एक जागा नेमून दिली होती, वेशीबाहेरची. तुझ्या आत काहीतरी आहे, ते तू बदलू शकत नाहीस, असं त्यांना सांगितलं गेलं होतं. नागपुराहून परतल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले, पुण्याला आले, सायकल दुरुस्ती शिकले. आत कायमचं कोरलेलं काही नाही, हे वाक्य त्यांच्यासाठी तत्त्वज्ञानाचा पेपर नव्हता. ते दार होतं. मी हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "आत्म्याला जात नसते, पोरी. आमच्या ग्रंथांत तेच आहे." मी म्हटलं, "असेल काका. पण गावाला ते कळलं नाही." त्यांनी मान खाली घातली. म्हणाले, "नाही कळलं." त्यांनी पुढे काही सफाई दिली नाही, म्हणून मी त्यांना मानते.

आणि तरी आजोबा कुणी भलतेच झाले नव्हते. आजीला ओळखायचे तेच होते, घेतलेली उसनवारी फेडायचे तेच होते. आत काही कायमचं नाही म्हणून जबाबदारी संपत नाही. उलट ती सगळी आपल्या हातावर येते. आत बसून आपल्याला तेच ठेवणारं कोणी नाही, म्हणून दिलेला शब्द, केलेलं काम, घेतलेलं माप रोज पुढच्या दिवसाच्या हाती द्यावं लागतं. ज्या दिवशी देणार नाही त्या दिवशी आपण दुसरे झालो. आणि जे देऊ नये, वेशीबाहेरची जागा, वाकलेली मान, ते आपण मध्येच थांबवू शकतो. काय पुढे द्यायचं आणि काय नाही, हे ठरवता येतं. माझ्या लेखी बुद्धाचं सगळ्यांत मोठं देणं हेच.

मी फ्रेम नवी केली. जुन्या फ्रेमवरून कोन उतरवून घेतले. फक्त वरची नळी दोन इंच खाली आणली, कारण काकांचा एक गुडघा बदललेला आहे. "मीही आता जुन्या भागांचा राहिलो नाही," ते म्हणाले. रॉड ब्रेकच्या दांड्या कापून नवे आटे पाडले. मागची रिम गंजली होती, ती फळ्यावरच्या दोनांतली एक घेऊन जुन्याच हबवर भरली. क्रँक, कॉटर पिना, मडगार्ड, हँडल, घंटी आणि चेन जुनीच.

खंडेनवमीच्या दिवशी सायकल पोचवायला त्यांच्या घरी गेले. नातवाने जुनी फ्रेम घासून पुसून बैठकीच्या भिंतीवर टांगली होती. मी चरकले. एक सायकल अंगणात, एक भिंतीवर. आता कुठली तीच? काकूंनी झेंडूचे दोन हार आणले होते. नातवाने हौसेने एक भिंतीवरच्या फ्रेमला घातला. काका उठले, त्यांनी तो हळूच काढला.

"भिंतीवर हार गेलेल्यांना घालतात रे," ते म्हणाले. "ती गेली नाही. बाहेर उभी आहे."

दोन्ही हार त्यांनी हँडलला घातले. आमच्याकडे हत्यारांची पूजा नसते, हे त्यांना माहीत आहे. काकूंनी माझ्या पुढे कुंकू केलं नाही, लाडू दिला. मी मागचं चाक उचललं आणि पायडल फिरवलं. चेनचा आवाज आला नाही. आऱ्यांचा आला, एकसारखा.

दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात जाण्याआधी मी दुकानापाशी थांबले. फळ्यावरची शेवटची ओळ पुसली आणि पुन्हा लिहिली: चाळीस भोकांची मागची रिम, २८ इंची, एक नग. विकायची नाही.