पाचवीचा भागाकार विसरून जंगलात निघालात?

बसा सगळे. मोबाइल खिशात ठेवा आणि मान वर करून ऐका. तुम्ही आता शाळेत नाही. कोणी दुकान सांभाळता, कोणी बुटीबोरीच्या कंपनीत पाळीला जाता. तरी बोरच्या जंगलातून आल्यापासून गावभर जे सांगत फिरता आहात, ते ऐकून मास्तरानं गप्प बसायचं असेल तर त्यानं तुम्हाला शिकवलं तरी कशाला? 'बोर लुटते. एवढंसं जंगल अन् एवढे पैसे!' हे तुमचं म्हणणं. गणपतीच्या दर्शनाला येणाऱ्या परक्या माणसाला रस्ता समजावून सांगणारी केळझरची पोरं तुम्ही, आणि आपल्याच सेलू तालुक्यातल्या जंगलात जाताना ना रस्त्याचा विचार केला, ना पैशाचा.

आधी ते जंगल समजून घ्या. बोर 1970 साली अभयारण्य झालं आणि 2014 साली व्याघ्र प्रकल्प. त्याचा गाभा जेमतेम 138 चौरस किलोमीटरचा, देशातल्या सगळ्यात लहान गाभ्यांपैकी एक. त्यातही पर्यटन 20 टक्क्यांहून जास्त भागात चालू द्यायचं नाही, असा राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचा 2012 पासूनचा दंडक आहे. करा हिशेब. 28 चौरस किलोमीटरसुद्धा भरत नाहीत. एवढ्याशा जागेत किती गाड्या सोडायच्या? मोजक्याच. जागा मोजक्या आणि मागणारे नागपूर-पुण्यापासूनचे, तर दर चढणारच. त्यात गाडीचं भाडं आलं, गाइडची फी आली, प्रवेशशुल्क आलं, मोठा कॅमेरा असला तर त्याचे वेगळे पैसे आले. यातलं काहीही लपवलेलं नसतं. विचारलं तर कळतं. तुम्ही विचारलं नाही.

आता तुमचं गणित पाहू. निघालात सात जण. जिप्सीत पर्यटक बसतात सहा. हे निघायच्या आधी एकालाही ठाऊक नव्हतं! गणितापुरतं धरू की एका गाडीचा सगळा खर्च 4800 रुपये येतो. सहा जण असाल तर माणशी 800. चार असाल तर 1200. सात झालात की गाड्या दोन, खर्च 9600, आणि माणशी 1371. एक माणूस वाढला आणि प्रत्येकाच्या खिशातून 571 रुपये जास्तीचे गेले. हा पाचवीतला भागाकार आहे. तो घरी बसून केला असता तर पाच मित्र आणखी जमवून बारा झाला असतात, नाहीतर एकानं पुढच्या खेपेला जायचं ठरवलं असतं. तुम्ही तो फाटकावर उभं राहून केलात, आणि दोष दिला जंगलाला.

बुकिंगचंही तेच. वन विभागाच्या संकेतस्थळावर आधी जागा घ्यावी लागते, नावं द्यावी लागतात आणि ज्या ओळखपत्रावर नोंद केली तेच सोबत न्यावं लागतं. साप्ताहिक सुटी कोणत्या वारी, शनिवार-रविवारचा दर वेगळा आहे का, पावसाळ्यात गाभा कधीपासून कधीपर्यंत बंद, हे सगळं आदल्या आठवड्यात पाहायचं असतं. तासन् तास रील पाहता, मग ही दहा मिनिटं कुठे गेली होती?

आणि मुक्काम! केळझरहून सेलू, सेलूहून हिंगणी, हिंगणीहून बोरधरणचं फाटक. स्वतःचं घर इतक्या जवळ असताना रिसॉर्टवर खोल्या घेतल्या. का? तर पहाटेची फेरी गाठायची होती. मग दुपारची का घेतली नाही? पहाटे पोचायला एसटी मिळत नाही, हे खरं. म्हणूनच आपल्यासारख्यानं दुपारची फेरी घ्यावी, जाताना हिंगणीपर्यंत एसटीनं जावं, पुढची सोय आधी बोलून ठेवावी. परतायला अंधार होतो, तेव्हा घरी येण्याची गाडीही जातानाच ठरवून ठेवावी. ऐनवेळी रस्त्यावर उभं राहून गाडी मागणारा माणूस समोरचा म्हणेल तो भाव देतो.

पण माझा खरा राग याच्यावर नाही. तुमच्यातल्या एकानं बापाच्या कापसाच्या चुकाऱ्यातले पैसे उचलले. दुसऱ्यानं आईला बचत गटातून कर्ज काढायला लावलं. कशासाठी? जाऊन आलो, हे दाखवण्यासाठी. पऱ्हाटीच्या ओळीत दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या आईच्या कमरेचं दुखणं तुम्ही एका फेरीत उडवून आलात आणि वर म्हणता, मजा नाही आली. लाज वाटली पाहिजे.

पैसा कसा जपायचा, हे शिकायला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यात सेवाग्राम आहे. 1936 पासून गांधीजी तिथे राहिले. शाळेच्या सहलीत बापू कुटीसमोर रांगेत उभे राहून फोटो काढलेत ना? हाच माणूस विद्यार्थी म्हणून लंडनसारख्या महागड्या शहरात गेला, तेव्हा बसभाडं, टपाल, वर्तमानपत्र, असला बारीकसारीक खर्चही टिपून ठेवायचा आणि रात्री झोपण्याआधी हिशेब जुळवायचा. हिशेब दिसू लागला तेव्हा खर्च कमी करायची वाटही दिसली. चालत अर्ध्या तासात कामावर पोचता येईल अशा ठिकाणी त्यांनी खोली घेतली. बसभाडं वाचलं आणि पायही मजबूत झाले. आत्मकथेत त्यांनी हे लिहून ठेवलंय. तुमच्याकडे तर हिशेबाचा चिटोराही नाही. कोणी किती दिले, कोणाचे किती राहिले, यावरून आता आपसात तोंडं फिरवून बसला आहात.

शेवटचं, आणि हे नीट ऐका. एवढे पैसे भरले तर वाघ दिसायलाच हवा, म्हणून ड्रायव्हरच्या मागे लागलात. तिकीट जंगलात जाण्याचं असतं, वाघाचं नसतं. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात असल्याच हट्टापायी जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. ड्रायव्हर आणि गाइडांवर कारवाई झाली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. रोजगार कोणाचा गेला? गावातल्या गरिबाचा. परतताना तुम्ही गाडी कशी पळवायला लावलीत, तेही माझ्या कानावर आलंय. बोरचा बाजीराव हा वाघ 2017 च्या डिसेंबरात बाजारगावजवळ महामार्गावर वाहनाच्या धडकेनं मेला. जंगलाच्या आसपासचा रस्ता रात्री वाघाचाही असतो. तिथे वेग आवरायचा, हॉर्न वाजवायचा नाही.

बोरला जाऊ नका, असं मी म्हणत नाही. जरूर जा. पण आधी वही घ्या. गाडी, गाइड, प्रवेश, येणं-जाणं, डबा, असे रकाने पाडा. दर आदल्या दिवशी पुन्हा पाहून भरा. सहाच्या पटीत माणसं जमवा. डबा घरून न्या, पण जंगलात कागदाचा कपटाही टाकू नका. अडीअडचणीला थोडे पैसे वेगळे ठेवा आणि ते उरले तर ज्याचे त्याला परत करा. स्वतःच्या कमाईतून दरमहा थोडे साठवा. दिवाळीत नाही जमलं तर उन्हाळ्यात जा, जंगल कुठे पळून जात नाही. आणि ज्यानं आईकडून पैसे घेतले, त्यानं पुढच्या पगारातून आधी तिचा हप्ता भरायचा. भरला की मला येऊन सांगायचं.

बोर लहान आहे, महाग आहे आणि तसंच राहणार. महाग जागा बिनहिशेबी माणसाला कंगाल करते, हिशेबी माणसाला आनंद देते. पैसा आईबापाच्या घामाचा आणि जंगल सगळ्यांचं. दोन्हींची नासाडी करण्याचा हक्क तुम्हाला कोणीही दिलेला नाही.